निकाल कोठे लागतो? : इंडियानापोलिसची शर्यत आणि आपला बैलगाडा

मराठी भाषेतील 'निकाल' हा शब्द मोठा विचार करण्यासारखा आहे. परीक्षेचा निकाल लागतो, कोर्टाचा निकाल लागतो आणि शर्यतीचाही निकालच लागतो. इंग्रजीत न्यायाधीशाच्या निकालाला एक शब्द आणि परीक्षेच्या किंवा शर्यतीच्या निकालाला दुसरा. आपण मात्र तिन्ही ठिकाणी एकच शब्द वापरतो. हा भाषेचा तोकडेपणा आहे की शहाणपणा, असा प्रश्न मनात आला आणि त्याचे उत्तर शोधताना प्रस्तुत लेखाचा विषय हाती लागला.

शर्यतीचा निकाल ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट, असे आपण समजतो. जो आधी रेषा ओलांडील तो पहिला. त्यात वादाला जागा कोठे? परंतु अमेरिकेतील 'इंडियानापोलिस पाचशे' ह्या सुप्रसिद्ध मोटार शर्यतीचे शंभरांहून अधिक वर्षांचे निकाल आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर ही समजूत टिकत नाही. शर्यत रेषेवर संपते, पण तिचा निकाल रेषेवर लागत नाही. तो आधी ठरलेल्या नियमांच्या कागदावर लागतो. हे एवढेच ह्या लेखात दाखवावयाचे आहे.

मैदानाची ओळख

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात इंडियानापोलिस हे शहर आहे. तेथे १९०९ साली मोटारींच्या शर्यतीसाठी अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे चार किलोमीटर लांबीचा, बंदिस्त वाटोळा मार्ग बांधण्यात आला. त्याच वर्षी त्यावर सुमारे बत्तीस लाख विटा बसविण्यात आल्या. पुढे विटांवर डांबर आले. आज सांकेतिक म्हणून फक्त अंतिम रेषेजवळ वारभर रुंदीचा विटांचा पट्टा उघडा ठेवलेला आहे.

ह्या मार्गाला दोनशे फेऱ्या मारल्या की पाचशे मैल होतात. पाचशे मैल म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन वर आणखी शंभर किलोमीटर जावे, इतके हे अंतर. शर्यतीत साधारणतः तेहेतीस गाड्या उतरतात. ह्या गाड्यांची चाके उघडी असतात व बैठक एकट्या चालकापुरती. पहिली शर्यत ३० मे १९११ रोजी झाली. दोन महायुद्धांच्या काळातील १९१७-१८ आणि १९४२ ते १९४५ ही वर्षे सोडली, तर ती दरवर्षी होत आली आहे.

विजेत्याने दूध पिण्याची तेथे प्रथा आहे. ही प्रथा लुई मेयर ह्या चालकापासून सुरू झाली असे मानतात. १९३६ साली जिंकल्यावर तो जे प्याला ते मात्र दूध नव्हते, ताक होते! आपल्याकडील शेतकऱ्याला हे वाचून आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

पहिलाच निकाल वादाचा

१९११ च्या पहिल्या शर्यतीत चाळीस गाड्या होत्या. रे हॅरून हा चालक 'मार्मन वॉस्प' नावाच्या पिवळ्या गाडीतून ६ तास ४२ मिनिटे ८ सेकंदांत पहिला आला, असे निकालपत्रक सांगते. त्याचा सरासरी वेग ताशी ७४.६ मैल, म्हणजे १२० किलोमीटर होता. इतर गाड्यांत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे आणि तो मागे लक्ष ठेवी. हॅरून एकटाच होता. मागचे दिसावे म्हणून त्याने गाडीवर आरसा बसविला होता.

पण दुसरा आलेला राल्फ मल्फर्ड ह्याच्या बाजूचे लोक म्हणत राहिले की खरा पहिला तोच. असे कसे होऊ शकते? कारण सोपे आहे. वाटोळ्या मार्गावर कोण कोणाच्या पुढे आहे, हे डोळ्यांना कळत नाही. समोरून जाणारी गाडी एक फेरी पुढे असेल किंवा दोन फेऱ्या मागे. त्यासाठी फेऱ्या मोजणारी माणसे लागतात. शर्यतीच्या मध्याला त्या मोजणाऱ्यांच्या मंचाजवळच मोठा अपघात झाला. माणसे आपली जागा सोडून धावली आणि त्या गोंधळात काही काळ वह्या कोऱ्या राहिल्या. रात्रभर कागद तपासून पंचांनी हॅरूनचे नाव कायम केले व इतिहासाने ते स्वीकारले. म्हणजे ह्या जगप्रसिद्ध शर्यतीचा पहिलाच निकाल गाडीच्या चाकाने जितका लावला, तितकाच हिशेबाच्या वहीने लावला.

अकरावा डिपाल्मा आणि दहावा मल्फर्ड

पुढच्याच वर्षीची, १९१२ ची, शर्यत तर एखाद्या शोकांतिकेसारखी आहे. राल्फ डिपाल्मा हा चालक तिसऱ्या फेरीपासून १९८ व्या फेरीपर्यंत, अशा सलग १९६ फेऱ्या आघाडीवर होता. दोनशेपैकी फक्त दोन उरल्या असताना त्याचे इंजिन मोडले. तो आणि त्याचा मेकॅनिक रुपर्ट जेफकिन्स खाली उतरले आणि गाडी हाताने ढकलीत रेषेपर्यंत घेऊन आले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण टाळ्या निकालपत्रकात लिहीत नाहीत. जो डॉसन ह्याने फक्त शेवटच्या दोन फेऱ्यांत आघाडी घेतली आणि ६ तास २१ मिनिटांत तो पहिला आला. डिपाल्मा अकरावा ठरला.

मग दहावा कोण? तो गेल्या वर्षीचाच राल्फ मल्फर्ड. इतर सर्वांची शर्यत आटोपली तेव्हा मल्फर्डच्या पुष्कळ फेऱ्या बाकी होत्या. परंतु दहाव्या क्रमांकाचे बक्षीस हवे असेल तर पूर्ण पाचशे मैल संपवावे लागतील, असे त्याला सांगण्यात आले. तो एकटाच त्या मोकळ्या मैदानात फिरत राहिला. विजेत्यानंतर अडीच तासांनी, ८ तास ५३ मिनिटांत, त्याने दोनशेवी फेरी पुरी केली.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर ए.टी.के.टी. घेऊन का होईना, तो पास झाला. डिपाल्मा हुशारीत त्याच्या कितीतरी पुढे होता, ह्यात शंका नाही. पण नियम 'कोण वेगवान' हे विचारीत नव्हता. 'कोणी पुरे केले' हे विचारीत होता. ज्याला आपण अन्याय म्हणतो तो पुष्कळदा अन्याय नसतो. आपण एका प्रश्नाचे उत्तर दिलेले असते आणि कागदावर प्रश्न दुसराच असतो.

पिवळा दिवा

ह्या शर्यतीत अपघात झाला की पिवळा दिवा लागतो. दिवा असेपर्यंत कोणी कोणाच्या पुढे जावयाचे नाही, असा नियम आहे. तो जीव वाचविण्यासाठी केलेला आहे. गंमत अशी की सर्वांत मोठे वाद ह्याच दिव्याभोवती झाले.

२४ मे १९८१ रोजी बॉबी अन्सर मारिओ आंद्रेत्तीच्या सुमारे पाच सेकंद आधी रेषेवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा कागद लागला, तर त्यावर पहिले नाव आंद्रेत्तीचे! पिवळा दिवा असताना थांब्यातून बाहेर पडताना अन्सरने अनेक गाड्या मागे टाकल्या, म्हणून त्याची एक फेरी कापण्यात आली होती. अन्सरच्या बाजूने अपील झाले. साडेचार महिने साक्षीपुरावे चालले. अखेर ८ ऑक्टोबर १९८१ रोजी तीन सदस्यांच्या मंडळाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी विजय अन्सरला परत दिला आणि त्याला ४० हजार डॉलर दंड केला. चूक झाली होती हे मंडळाने मानले. परंतु त्या चुकीला फेरी कापण्याची शिक्षा फार मोठी आहे, असे बहुमत पडले. मे महिन्यात धावलेल्या शर्यतीचा निकाल ऑक्टोबरात, आणि तोही मतांनी! 'निकाल' शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एक होतात.

स्कॉट गुडइयर ह्या चालकाची कथा ह्याहून बोधप्रद आहे. १९९२ साली तो सर्वांत शेवटून, तेहेतिसाव्या जागेवरून, निघाला आणि अल अन्सर ज्युनियरच्या मागे केवळ ०.०४३ सेकंदाने दुसरा आला. एका गाडीच्या लांबीइतकेही ते अंतर नव्हते. तीन वर्षांनी, १९९५ मध्ये, तो अखेरच्या दहा फेऱ्या उरल्या असताना आघाडीवर होता. पिवळ्या दिव्याच्या काळात एक अधिकृत गाडी सर्वांच्या पुढे चालते. शर्यत पुन्हा सुरू होताना ती बाजूला होण्यापूर्वीच गुडइयर तिच्या पुढे गेला. पंचांनी शिक्षेसाठी आत बोलाविले. तो आला नाही. तेव्हा १९५ फेऱ्यांनंतर त्याच्या फेऱ्या मोजणेच थांबविण्यात आले आणि तो चौदावा ठरला. त्या दिवशी जिंकला जॅक व्हिलनव्ह. त्यानेही त्याच शर्यतीत पूर्वी त्याच गाडीला ओलांडण्याची चूक केली होती! त्याच्या दोन फेऱ्या कापल्या गेल्या. त्याने शिक्षा पत्करली आणि उरलेल्या वेळात ती भरून काढली. एकच चूक, एकच नियम. एकाने मान तुकविली, दुसऱ्याने नाही.

२००२ साली शेवटून दुसऱ्या फेरीत अपघात होऊन पिवळा दिवा लागला. नेमक्या त्याच क्षणाच्या आसपास पॉल ट्रेसी हेलिओ कास्त्रोनेव्हेसच्या पुढे गेला. दिवा आधी की ओलांडणे आधी? ३ जुलै २००२ रोजी ट्रेसीच्या बाजूचे अपील फेटाळण्यात आले व कास्त्रोनेव्हेस विजेता राहिला. वेळ मोजणारी यंत्रे किती सूक्ष्म झाली तरी माणसाचा न्याय संपत नाही, हे २०२५ मध्येही दिसले. त्या वर्षी अलेक्स पालू जिंकला आणि मार्कस एरिक्सन दुसरा आला. शर्यतीनंतरच्या तपासणीत एरिक्सनच्या गाडीत नियमबाह्य फेरफार आढळला. दुसऱ्या क्रमांकावरून तो एकतिसाव्यावर गेला आणि डेव्हिड मालुकस दुसरा झाला.

घाटातील बारी

आता आपण आपल्या मातीत येऊ. महाराष्ट्रात शर्यत म्हटली की बैलांची. तिची रूपे प्रांतोप्रांती निराळी आहेत. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. सातारा-सांगली भागात अनेक छकडे एकदम सुटतात. आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल अशी चाळणी लागते आणि रेषेवरचा झेंडा पंच निर्णय देतो.

उत्तर पुणे जिल्ह्यात, म्हणजे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ ह्या तालुक्यांत, प्रकार वेगळा आहे. तेथे चढणीच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात. एका वेळी एकच गाडा धावतो आणि पुढे घोडी असते. गाड्याच्या ह्या पाळीला 'बारी' म्हणतात. बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते. शर्यत दुसऱ्या गाड्याशी नसते, घड्याळाशी असते.

ह्या घाटातील निकालाची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. ठरावीक सेकंदांत आलेले सर्व गाडे पहिल्या क्रमांकात, त्यापुढच्या सेकंदांत आलेले सर्व दुसऱ्या क्रमांकात, अशी वाटणी होते. म्हणून यात्रेच्या बातमीत 'पहिल्या क्रमांकात इतके गाडे' असे वाचावयास मिळते आणि त्या क्रमांकाचे बक्षीस त्यांच्यात विभागले जाते. सर्वांत कमी वेळात आलेला गाडा 'घाटाचा राजा' म्हणून निराळा मानला जातो. म्हणजे राजा एकच, पण पहिले अनेक! इंडियानापोलिसला ०.०४३ सेकंदाने हरलेला कायमचा दुसरा होतो. आपल्या घाटात तेवढ्याशा फरकाने दोन्ही गाडे बहुधा एकाच क्रमांकात बसले असते. ही पद्धत विद्यापीठाच्या 'प्रथम वर्गा'सारखी आहे. सुवर्णपदक एकालाच, पण प्रथम वर्ग मिळविण्यासाठी दुसऱ्या कोणाला मागे टाकावे लागत नाही. दोन्हींपैकी एक पद्धत खरी व दुसरी खोटी असे नाही. गावाने यात्रेत काय साधावयाचे, हे आधी ठरविले आणि त्याप्रमाणे नियम केला.

शर्यतीवरच लागलेला निकाल

पण बैलगाड्याचा सर्वांत मोठा निकाल कोणत्याही घाटात लागला नाही. तो दिल्लीत लागला.

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. प्रदर्शनासाठी व खेळासाठी ज्या प्राण्यांना शिकविता येत नाही, त्यांच्या यादीत तिने बैलाचा समावेश केला. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत ह्या दोन्हींवर बंदी घातली. न्यायालयाचे म्हणणे असे होते की बैलाचे शरीर शर्यतीत धावण्यासाठी घडलेले नाही. तो भीतीने व वेदनेने पळतो. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगळणे, विजेचा झटका हे प्रकार न्यायालयापुढे आले होते आणि ते सर्वस्वी खोटे होते, असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही.

दुसरी बाजूही दुर्लक्षण्यासारखी नव्हती. गाडामालक म्हणत : ट्रॅक्टर आल्यावर खिलार बैल शेतात कोण ठेवील? शर्यत आहे म्हणून हा बैल टिकला, त्याला घरच्या पोरासारखे जपले जाते. यात्रा बंद पडली म्हणजे गावाचा एक धागा तुटला.

२०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली व नियम तयार झाले. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धावण्याच्या अंतराला मर्यादा, काठी-चाबूक-विजेचा वापर वर्ज्य आणि मोडणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्त कायदे वैध ठरविले.

२०१४ चा निकाल आणि २०२३ चा निकाल एकमेकांविरुद्ध आहेत, असे वरवर वाटते. परंतु नीट वाचले तर ध्यानात येते की मधल्या काळात नियमांचे पुस्तक बदलले होते. पहिल्या वेळी न्यायालयापुढे जी शर्यत होती ती बंधनाविना होती; दुसऱ्या वेळी कायद्याने बांधलेली होती. घटनापीठाने असेही म्हटले की एखादी प्रथा आपल्या संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे लोकांच्या विधिमंडळाने ठरवावे. म्हणजे बैलगाडा जिंकला तो 'आमची परंपरा आहे' एवढे ओरडून नव्हे, तर बैलाला न मारण्याचे वचन लेखी देऊन जिंकला. ज्या दिवशी ते वचन घाटात मोडले जाईल, त्या दिवशी हा निकालही पोकळ होईल. व्हिलनव्हने शिक्षा पत्करली म्हणून जिंकला, ही गोष्ट येथे आठवते.

पत्रकात न मावणारे

निकालाच्या कागदाला आणखी एक मर्यादा आहे. तो सारे सांगत नाही. १९११ च्या पत्रकात हॅरूनचे नाव ठळक आहे. त्याच शर्यतीत मरण पावलेला मेकॅनिक सॅम डिक्सन मात्र कोणाच्या स्मरणात नाही. १९५३ व १९५४ चा विजेता बिल व्हुकोविच १९५५ साली आघाडीवर असतानाच अपघातात गेला. १९६४ मध्ये दुसऱ्याच फेरीत एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डोनाल्ड हे दोघे आगीत बळी पडले. १९७८ च्या पत्रकात नवव्या क्रमांकावर जॅनेट गथ्री हे नाव आहे. आदल्या वर्षी ह्या शर्यतीत भाग घेणारी ती पहिली स्त्री ठरली होती. १९७८ ची शर्यत ती मोडलेल्या मनगटाने धावली, हे पत्रकात कोठे आहे? बैलाचे तर नावही निकालात मालकाच्या नावामागून येते.

आपल्या जव्हार-मोखाड्यात शर्यतीचे मोठे घाट नाहीत. येथला बैल चिखलणीत आणि नांगरात झिजतो. त्याला सेकंद कोणी लावीत नाही. आणि येथल्या विद्यार्थ्याचेही पुष्कळसे तसेच आहे. आवणीच्या दिवसांत शेतावर राबून, पाड्यावरून पायपीट करून, यष्टी चुकली तर तास चुकवून तो परीक्षेला बसतो. गुणपत्रिकेत ह्यासाठी रकाना नसतो. डिपाल्माला टाळ्या मिळाल्या. ह्याला त्याही मिळत नाहीत.

मग निकालाला काही अर्थच नाही असे म्हणावयाचे काय? तसे मुळीच नाही. निकाल हवाच. निकाल नसेल तर शर्यत म्हणजे नुसती धावपळ. मात्र निकाल वाचताना तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. नियम कोणता होता? तो सर्वांना आधी ठाऊक होता काय? आणि चूक वाटली तर दाद मागण्याची वाट उघडी होती काय? ह्या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल, तर अकरावा क्रमांकही मान ताठ ठेवून घ्यावा. नसेल, तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरण्यात कमीपणा नाही; अन्सरनेही साडेचार महिने वाट पाहिली होती.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. परीक्षा, शर्यत आणि कोर्ट ह्या तिन्हींना आपली भाषा एकच शब्द देते, हा तिचा तोकडेपणा नव्हे. तिन्ही ठिकाणी धावणारा एक असतो, मोजणारा दुसरा असतो आणि दोघांच्याही वर नियम असतो, हे तिला ठाऊक आहे. आणि ज्याला त्या नियमाप्रमाणे अजून पुष्कळ फेऱ्या बाकी आहेत, त्याने १९१२ चा तो रिकामा मार्ग डोळ्यांसमोर आणावा. सर्वांची शर्यत संपली आहे आणि एकटा मल्फर्ड आपल्या उरलेल्या फेऱ्या मारतो आहे. त्याने त्या पुऱ्या केल्या, म्हणून आज त्याचे नाव दहाव्या जागी छापलेले आहे.